हुद्द्याला हुद्दा

३ ऑक्टोबर १७११, अर्वेन

गिरणीत चौथी बैठक. निष्पन्न काही नाही. डच कर्नल व्हान आस्त आणि मी वीस मिनिटं दाराशी उभे. आधी आत कोण जाणार, हा प्रश्न. तो म्हणतो, तो त्यांच्या राज्याचा प्रतिनिधी. मी म्हणतो, मी फ्रान्सच्या राजेसाहेबांचा. पाऊस बारीक, पण चिकट. माझा अधू पाय ठणकायला लागला, त्याचाही गुडघा धड नाही असं दिसलं. शेवटी माझा नोकर पिकार म्हणाला, "सरकार, दोन्ही अंगांना एकेक दार पाडा की. गिरणीवाल्याची भिंत फळ्यांचीच हाय."

पाडली दारं. गिरणीवाला रडकुंडीला आला. मग आम्ही एकाच वेळी पाऊल आत टाकलं आणि बसेपर्यंत अंधारून आलं. परत फिरलो.

लोक हसतात. हसू देत. जर्मनीतल्या एका दरबारात मी तीन महिने माझ्या खुर्चीला हात असावेत की नसावेत यावर भांडलो होतो. मिळाले हात. आज खुर्चीचे हात सोडले की उद्या किल्ला सोडायला सांगतात.

लढाईला दहा वर्षं होत आली. दोन्हीकडे कैदी साठलेत. त्यांची अदलाबदल ठरवायला दोन्ही सरकारांनी दोन लंगडे म्हातारे नेमले आहेत. नियम साधा: हुद्द्याला हुद्दा. कॅप्टनच्या बदल्यात कॅप्टन, लेफ्टनंटच्या बदल्यात लेफ्टनंट. ज्याला हुद्दा आधी मिळाला तो आधी सुटणार.

माझा एव्रार ऑगस्टपासून त्यांच्या लोमेरच्या किल्ल्यात आहे. घोडदळात लेफ्टनंट, वय बावीस. हे मी बैठकीत बोलत नाही, वरिष्ठांच्या पत्रातही लिहीत नाही. राजेसाहेबांच्या वकिलाला मुलगा नसतो. इथे लिहायला हरकत नाही.

५ ऑक्टोबर

एव्रारचं पत्र आलं. दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांनी फोडून वाचलेलं, त्यामुळे तो जपून लिहितो. तळघरात पंचवीस जण. जमिनीला ओल. ताप फिरतो आहे. "मी बरा आहे" असं तीनदा लिहिलंय. एकदा लिहिलं असतं तर मी विश्वास ठेवला असता.

त्याच्या शेजारी गोसे नावाचा लेफ्टनंट आहे म्हणे. मातुरें गोसे. साधा शिपाई म्हणून भरती झालेला, पस्तीस वर्षं घासून वर आलेला. हा माणूस एव्रारचे मोजे रफू करतो आणि आपली घोंगडी त्याला पांघरायला देतो. "तो इतका घोरतो की ताप घाबरून जवळ येत नाही," असं एव्रार लिहितो. वाचून हसलो. पिकारला वाचून दाखवलं, तोही हसला.

६ ऑक्टोबर

पाय. बैठक नाही.

९ ऑक्टोबर

आजचा दिवस आयुष्यात मोजके असतात त्यांपैकी.

व्हर्सायहून टपाल आलं. एव्रारला रिसाल्याची तुकडी मिळाली! राजेसाहेबांची सही, गेल्या महिन्याच्या तारखेची, खाली मोहोर. कॅप्टन एव्रार द सोर्वाल. दोन वर्षं मी यासाठी लोकांच्या बैठकीच्या खोल्यांत ताटकळलो. ज्यांच्या बापांना मी लढाईत पाठीवर वाहून आणलं, त्यांनीही मला उभं ठेवलं. माझ्या बायकोने, आर्मांदने, माहेरचं ओढ्याकाठचं रान विकू दिलं, एक शब्द बोलली नाही. मी कॅप्टन झालो तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो. माझे वडील झालेच नाहीत. आणि हा बावीसचा, आणि त्याला पत्ताही नाही!

पिकारने तळघरातून बर्गंडी वाइन काढली. आमच्या गावाकडची. माझा कारकून ग्रेलो यालाही बसवलं. तो नोटरीचा मुलगा, पन्नाशीचा, पाण्याखेरीज काही पीत नाही. आज दोन घोट घेतले.

मग तो कैद्यांची पक्की यादी करायला बसला. सोर्वालपाशी आला आणि लेखणी थांबली.

"सरकार, हुद्दा काय लिहू?"

"म्हणजे?"

"पकडले गेले तेव्हा लेफ्टनंट होते."

"आणि आज कोण आहेत?"

"सरकार, थोडा विचार केला तर..."

"ग्रेलो, राजेसाहेबांच्या सहीवर विचार करायचा असतो का?"

त्याने कॅप्टन लिहिलं. सुरेख वळणदार लिहिलं. मी त्याच्या खांद्यावरून दोनदा वाचलं.

१३ ऑक्टोबर

गिरणी. दोन दारांमुळे फार सोयीचं झालं आहे, मान्य करायला हवं. पावणेतीन मिनिटांत बसलो.

याद्या समोरासमोर ठेवल्या. लेफ्टनंट त्यांच्याकडे आपले एक्केचाळीस, आपल्याकडे त्यांचे एक्केचाळीस. तंतोतंत. व्हान आस्त प्रथमच हसला. त्याला वरचे दात नाहीत.

मग कॅप्टन. आपल्याकडे त्यांचे सहा. त्यांच्याकडे आपले नऊ.

"म्हणजे तुमचे तीन राहणार," तो म्हणाला. "वसंतापर्यंत तरी. हिवाळ्यात रस्ते बंद, आणि नवे कैदी सापडल्याशिवाय मी बदल्यात घेऊ काय?" मग यादीवर बोट फिरवत खाली आला. "सगळ्यात शेवटी सोर्वाल. चार आठवड्यांचा कॅप्टन. आपले कोणी?"

"चिरंजीव."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "अभिनंदन," तो म्हणाला.

मी मान लववली. चाळीस वर्षांची सवय. मान आपोआप लवते.

परत येताना गाडीत ग्रेलो सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होता. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. रिकामी शेतं आणि चिखल.

१४ ऑक्टोबर

मी केलं हे. दुसऱ्या कुणी नाही. लेफ्टनंट म्हणून राहिला असता तर पंधरवड्यात घरी होता.

१५ ऑक्टोबर

सकाळी व्हान आस्तला चिठ्ठी पाठवली: एका कॅप्टनच्या बदल्यात आम्ही दोन लेफ्टनंट देऊ. फक्त एकदाच, अपवाद म्हणून.

उत्तर दुपारी आलं. नम्र. "काउंटसाहेब, पहिल्याच बैठकीत आपण कलम घातलंत की एका हुद्द्याचा माणूस दुसऱ्या हुद्द्याशी बदलायचा नाही. मी त्या वेळी तीन लेफ्टनंट म्हणालो होतो. आपण म्हणालात, फ्रेंच कॅप्टनची किंमत डच लेफ्टनंटांत मोजणं हा अपमान आहे. ते कलम मी वर पाठवलं, मंजूर होऊन आलं."

असं मी म्हणालो होतो खरं. आवाजही मला आठवतो. छान लागला होता आवाज.

१८ ऑक्टोबर

आर्मांदचं पत्र. तिला बातमी व्हर्सायहून परस्पर कळली. गावातल्या पाद्रीबाबांनी देवळाची घंटा वाजवली, कुळांनी येऊन तोंडं गोड केली. "तुम्ही एवढ्या वर्षांत मला पत्रात कधी 'मी आनंदात आहे' असं लिहिलं नाहीत, आता तरी लिहाल," असं लिहिते. आणि शेवटी, वेगळ्या शाईने, म्हणजे नंतर आठवून: "आता तो सुटायला सोपं जाईल ना? कॅप्टनला कोण अडकवून ठेवतं?"

उत्तर लिहायला बसलो. तारीख लिहिली. उठलो.

२० ऑक्टोबर

लोमेरहून पत्र, पण अक्षर एव्रारचं नाही. कोंबडीने उकरल्यासारखं अक्षर, ओळी वर चढलेल्या. गोसेने लिहिलंय. लिहिणं तो चाळिशीनंतर शिकला असणार.

"काउंटसाहेबांना सलाम. कॅप्टनसाहेबांना ताप आहे. सहावा दिवस. आम्ही सगळे त्यांना आता कॅप्टनसाहेबच म्हणतो, ते चिडतात. काल चार घोट सूप पोटात टिकलं. या आठवड्यात आमच्या खोलीतून तीन गेले, घरी नाही, दुसरीकडे. मी सुटायच्या यादीत एक्केचाळिसावा आहे असं कळलं. येताना कॅप्टनसाहेबांची पत्रं घेऊन येईन. घोंगडी त्यांच्याकडेच ठेवणार आहे, तिची काळजी नको. माझी बायको शालोंला आहे, तिला अजून कळवलं नाही, उगाच वाट बघेल."

पिकारला वाचून दाखवलं नाही.

२१ ऑक्टोबर

वसंतापर्यंत तो टिकणार नाही. वैद्याने सांगायला नको. अशा तळघरांत मीही माणसं ठेवलेली आहेत.

२२ ऑक्टोबर

नीट लिहून काढतो, म्हणजे उद्या मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय राहणार नाही.

एव्रारला लेफ्टनंट म्हणून परत यादीत घातलं तर लेफ्टनंट बेचाळीस होतात. जागा एक्केचाळीस. एक गळतो. ज्याला हुद्दा शेवटी मिळाला तो गळतो. एव्रारला मी लेफ्टनंटकी पंधराव्या वर्षी घेऊन दिली, सात वर्षं झाली. गोसेची नोकरी पस्तीस वर्षांची, पण लेफ्टनंट तो दोनच वर्षांपूर्वी झाला. एक्केचाळिसावा गोसे. गळणार गोसे.

यादी एकदा दिली की बदलत नाहीत. चूक झाली होती असं सांगितलं तरच बदलतात, आणि तेही शब्दावर. वकिलाने आपला शब्द दिला की समोरचा पुढे विचारत नाही. आमच्यात तो रिवाज आहे, आणि त्यावरच सगळं चालतं. मी तीन दरबार केले, गोड बोललो, अर्धवट बोललो, गप्प बसलो. शब्द देऊन खोटं कधी बोललो नाही. अडतीस वर्षांत एकदाही नाही. याचा मला अभिमान होता.

२३ ऑक्टोबर

बोललो.

गिरणीत, जात्याशेजारी उभं राहून. बसलो नाही. सांगितलं की तुकडीचं हस्तांतर पूर्ण झालंच नाही, कागद परत गेला आहे, आणि यादीत कॅप्टन लिहिलं ती कारकुनाची चूक.

व्हान आस्तने माझ्याकडे न बघता ग्रेलोकडे बघितलं. "तुमची चूक?"

ग्रेलो म्हणाला, "हो, माझी. घाईत झाली." तो माणूस आयुष्यात कधी घाईत लिहीत नाही.

"काउंटसाहेब, हा तुमचा शब्द?"

"माझा शब्द."

"मग प्रश्न मिटला." त्याने यादी पुढे ओढली, कॅप्टनमधलं सोर्वाल खोडलं, लेफ्टनंटमध्ये वर घातलं. मग खाली सरकला. "एक्केचाळिसावा गोसे. हा बाहेर. ओळखता?"

"नाही," मी म्हणालो. एकाच दिवसात दुसरं खोटं.

उठताना तो सहज बोलल्यासारखं बोलला, "मला चार मुलगे होते. एकालाही मी वेळेआधी मोठं केलं नाही. तरी दोन गेलेच." टोमणा होता की आणखी काही, मला कळलं नाही.

२४ ऑक्टोबर

ग्रेलो आज माझ्याबरोबर जेवला नाही. डोकं दुखतं म्हणाला. आवाज नेहमीसारखाच आदराचा.

२९ ऑक्टोबर

आला!

पुलावरून स्वतःच्या पायांनी आला. त्यांचे एक्केचाळीस तिकडे, आमचे इकडे. मी नियमाप्रमाणे पुलाच्या टोकाशी हातात यादी घेऊन उभा. नावं वाचली. त्याचं नाव आलं तेव्हा इतरांच्या नावासारखंच वाचलं. नंतर पिकारने सांगितलं की माझा आवाज फाटला होता. मला नाही वाटत.

अंगावर मांस राहिलेलं नाही. कोट खांद्यावरून घसरतो. ताप उतरून पाच दिवस झाले. पिकार धावत पुढे गेला, "धाकले सरकार, तुमची हाडं कुठं इसरून आलात?" म्हणाला आणि तोंड फिरवून घोड्याचा पट्टा आवळत बसला, जो आधीच आवळलेला होता.

जेवायला चौघंच: तो, मी, ग्रेलो, आणि वाढायला पिकार. कांद्याचं सूप, हंस, पांढरा पाव. एव्रारने चार चमचे घेतले आणि चमचा ठेवला.

"गोसेचं काही विचारलं नाहीत, बाबा."

मी म्हणालो, एक्केचाळीस यायचे होते, एक्केचाळीस आले.

"त्याने गाठोडं चार दिवस आधीच बांधून ठेवलं होतं. आज पहाटे उठून गार पाण्याने दाढी केली. मलाही करून दिली, म्हणाला, कॅप्टनने नीटनेटकं दिसावं, मी निघताना. मग अंगणात त्यांच्या सार्जंटने नावं वाचली. माझं आलं, लेफ्टनंट म्हणून. मी म्हटलं, काहीतरी चुकलंय. तो म्हणाला, चुकलं होतं, आता दुरुस्त केलंय. चाळीस झाल्यावर एक्केचाळिसावा वाचला, तो कुणी भलताच. गोसे दोन पावलं पुढे आलेला, तो दोन पावलं मागे गेला. मग माझी बटणं लावून दिली."

पिकार हंसाची तबकडी हातात धरून उभा.

"चूक कुणाची होती, बाबा?"

मी तोंड उघडलं. समोर ग्रेलो पावाचा तुकडा कापत होता. तो वर बघत नव्हता. मी पुन्हा त्याची चूक म्हणालो असतो तरी त्याने ऐकून घेतलं असतं.

"माझी," मी म्हणालो.

"कॅप्टन लिहिलं ती, की खोडलं ती?"

"दोन्ही."

त्याने मान हलवली. रागावला नाही. रागावला असता तर मला उत्तर देता आलं असतं, त्याची तयारी होती. मग म्हणाला, "तो कागद आहे का? मी पाहिलाच नाही."

मी स्वतः उठून पेटीतून आणला. त्याने दिव्यापाशी धरून सावकाश वाचला, सहीवरून बोट फिरवलं. "अक्षर छान आहे," म्हणाला. "ठेवू माझ्याकडे?"

तुझाच आहे, म्हणालो.

३० ऑक्टोबर

दुपारपर्यंत झोपला. उठून दोन अंडी खाल्ली, पिकारने तिसरं बळेच घातलं. संध्याकाळी ग्रेलोजवळ बसून लोमेरच्या किल्ल्याबद्दल बोलत होता. कोण कुठे झोपतो, पाणी कुठून येतं. मी गेलो तर दोघं उठून उभे राहिले. मी परत आलो.

३१ ऑक्टोबर

आर्मांदला पत्र लिहिलं आणि सकाळच्या टपालाने लावूनही दिलं. आला आहे, वाळलाय, पण हसतो. त्याची खोली उघडून शेकून ठेव, दहा दिवसांत आम्ही निघतो. आणि तिने मागितलेलं वाक्यही लिहिलं: मी आनंदात आहे.

खरंच आहे. गोसेचं वाईट वाटतं आणि मी आनंदात आहे. दोन्ही एकाच माणसाला वाटतं आणि दुसरं जास्त वाटतं. माझ्या जागी कुणाही बापाने हेच केलं असतं, असं म्हणणार होतो. पण गोसेलाही मुलं असतील, ते मी विचारलेलं नाही.

१ नोव्हेंबर

सकाळी चर्च. एव्रार माझ्या हाताला धरून चालला, म्हणजे मी त्याच्या. परतताना म्हणाला, "बाबा, तुम्ही मला दोनदा बढती दिलीत. एकदा राजेसाहेबांकडून आणि एकदा तुमच्याकडून." मी म्हणालो, दुसऱ्या वेळी तर खाली आणलं. "तेच म्हणतो," तो म्हणाला, आणि दुसरं काहीतरी बोलू लागला, घोड्यांबद्दल.

उद्या सकाळी जरा रपेट मारून येतो म्हणाला. पिकारला सांगून तांबडी घोडी तयार ठेवली आहे. चेहऱ्यावर रंग येऊ लागलाय.

२ नोव्हेंबर

दुपारी व्हान आस्तचा माणूस पुलावरून चिठ्ठी घेऊन आला. बरोबर आमची तांबडी घोडी, खोगिरावर बसलेला एक म्हातारा.

"काउंटसाहेब, आज सकाळी आपल्या बाजूने एक कॅप्टन स्वतःहून येऊन आमच्या स्वाधीन झाला. जवळ फ्रान्सच्या राजाचं पत्र आहे. सही अस्सल आहे, मी ती ओळखतो. त्याच्या मागणीवरून लेफ्टनंट गोसे याला सोडत आहे. हुद्द्याला हुद्दा बसत नाही. या एका वेळी मी आपलं कलम पाहिलं नाही असं समजावं. आपल्या शब्दाविषयी मी वर काही कळवलेलं नाही. आपल्या मुलाने तशी विनंती केली."

परवाचं पत्र आर्मांदला अजून तीन दिवसांनी पोचेल.

गोसे खाली चुलीपाशी बसून सूप पितो आहे. पिकार विचारायला आला, ह्यांचं अंथरूण कुठं घालू. एव्रारच्या खाटेवर घाल, म्हणालो.